शब्द जोडा

फहाहीलच्या बाजारात, जिन्याखाली माझं टेबल आहे.
वर भिंग, खाली भंगार.
शुक्रवारी रांग लागते, आणि मी पहिल्यांदा एकच विचारतो:
चार्जिंगच्या भोकात टाचणी घातलीत?
घालू नका. फोन बंद करा, लाकडी दातकोरणं घ्या,
कानातला मळ काढावा तसं हलक्या हातानं.
निम्म्या वेळा बिघाड नसतोच,
साइटवरची वाळू असते आणि खिशातलं सूत.

ट्रकच्या काचेपाशी फोन ठेवू नका.
जूनमध्ये स्टिअरिंगलासुद्धा फडकं गुंडाळता ना?
त्यालाही कातडी आहे असं समजा.
आणि तापला म्हणून फ्रिजमध्येही नको.
हसू नका, मागच्या आठवड्यात एकजण
भेंडीच्या पिशवीखालचा घेऊन आला होता,
आतून घाम फुटलेला.

मेमरी भरली म्हणून पोरांचे फोटो पुसायला निघता.
थांबा. आधी ग्रुपमध्ये शिरा.
गुलाब, वाफाळता चहा, सुप्रभात,
तेच सुप्रभात अकरा नातेवाइकांकडून.
ते काढा. झाली चार जीबी मोकळी.
पोरं राहिली जागच्या जागी.

पडद्यावर दोन घड्याळं लावा.
तिकडचं अडीच तास पुढं असतं.
इथं साडेदहा म्हणजे तिथं रात्रीचा एक,
आणि एकच्या रिंगला घरचं माणूस
आधी घाबरतं, मग हॅलो म्हणतं.

एवढं मी फुकट सांगतो.
पैसे फक्त काचेचे.

धाकू मांडवकर पाण्याच्या टँकरवर.
संगमेश्वरकडचा. बोटं इतकी भेगाळलेली
की फोन त्याचा अंगठा ओळखेना.
मी म्हटलं, तोच अंगठा दोनदा नोंदवा, एकदा भिजवून पुसून,
एकदा कोरडा. ओळखला.
मग म्हणाला, लिवायला येल लागतो फार.
मी माइकचं चित्र दाखवलं. बोला, तो लिहील.
धाकू बोलला, "बरी हायस ना गो?"
फोननं लिहिलं, "बरीच आयात नागो."
आम्ही दोघं हसलो.
म्हटलं, जरा शाळेतल्यासारखं बोला.

पंधरा दिवसांनी आला तेव्हा हसत नव्हता.
बायको उत्तरच देत नाही.
मी मेसेज वाचले:
तू कशी आहेस. माझी प्रकृती उत्तम आहे.
मुलांनी नियमित अभ्यास करावा.
खाली तिचा एकच, चार दिवसांपूर्वीचा:
"ह्यो मास्तर कोन? आमचं मानूस कुटं हाय?"
तिला वाटत होतं धाकू आजारी आहे, हास्पिटलात आहे,
आणि दुसराच कोणी तिची समजूत घालतोय.

रांगेला मी थांबा म्हटलं.
सेटिंग. कीबोर्ड. शब्दकोश. मराठी.
वरच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह, ते दाबा: शब्द जोडा.
सांगा, म्हटलं. एकेक.
हायस, म्हणाला. नाय. कवा. कुटं. लिवलंय.
गो, म्हणाला, आणि इकडंतिकडं बघितलं,
मागं उभा मल्याळी वॉर्डबॉय ऐकत होता, त्याला कळलं नाही.
त्याचे संपल्यावर दोन मी घातले,
दापोलीकडचे, माझ्या आईचे.
धाकूनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता माइक राहू दे, बोटानं लिहा.
"हा" दाबताच पट्टीवर "हायस" उभा राहिला,
पायरीवर येऊन कुणी चप्पल काढावी तसा.
तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.
मग लिहिलं: बरी हायस ना गो. मीच हाय.

काच बदलून होईपर्यंत उत्तर आलं.
त्यानं वाचून दाखवलं, मोठ्यानं, अख्ख्या जिन्याला:
"हां. आता तुमी.
त्या पंख्याचा काय ठरला?"