रकाना सात

हॅडलॉकच्या नगर कचेरीत एकोणीस वर्षं
मी घरपट्टीचा हिशेब ठेवते.
तळघरात, अग्निशमन दलाच्या खाली;
बंब बाहेर पडला की माझी कॉफी हिंदकळते.

एक एप्रिलच्या आत माजी सैनिकांनी यायचं,
नाहीतर त्यांच्या विधवांनी.
घराच्या किमतीतून सहा हजार वजा.
ऐकायला भरघोस. प्रत्यक्षात पट्टीत फरक
एकशे आठ डॉलरचा,
म्हणजे भट्टीच्या तेलाची पाव टाकी,
थंडीने दया दाखवली तर दोन आठवडे.

व्हर्ना पेल्की येते चिखलाच्या दिवसांत,
रस्ते फुगून तडकलेले असतात तेव्हा.
नवऱ्याचं नाव: रॉयस एल्टन पेल्की.
हुद्दा: कॉर्पोरल.
सेवामुक्तीचा कागद चार घड्यांचा,
घड्यांवरची चिकटपट्टी पिवळी.
युद्धातून तो धड परतला होता.
गेला तो लाकडाच्या गिरणीत, एका मंगळवारी.
मग रकाना सात:
पुनर्विवाह केला आहे का?
ती ‘नाही’वर खूण करते
पेन इतकं दाबून
की खालच्या कोऱ्या अर्जावरही ‘नाही’ उमटतं.

बाहेर डेल्मर बसलेला, ट्रकचं इंजिन चालू ठेवून.
गावाचा बर्फ तोच काढतो.
तेरा वर्षं त्याचे बूट तिच्या दाराशी.
कागदोपत्री तो राहतो मागच्या ट्रेलरमध्ये,
ज्याच्या छतावर बर्चचं झाड पडलंय
आणि पाच वर्षं कुणी उचललेलं नाही.
सगळ्या गावाला ठाऊक. मलाही.
मी शिक्का मारते.
कायद्याने लग्नाचं विचारलंय,
बुटांचं नाही.

मला वाटायचं, एकशे आठ डॉलरसाठी!
मनातल्या मनात हसायचेही.

यंदा ती आली एकतीस मार्चला, कचेरी बंद होता होता.
डेल्मर पहिल्यांदाच आत आला, टोपी हातात,
भिंतीवरच्या नकाशात आपले रस्ते शोधत राहिला.
रकाना सातमध्ये तिने खूण केलीच नाही,
शब्द लिहिला: हो.
“फेब्रुवारीत केलं.
याच्या हृदयात झडप बसवायची होती, तर हॉस्पिटलात विचारलं,
तुम्ही यांच्या कोण?”

सूट जाईल, मी म्हटलं.
“जाऊ दे.”
मग काउंटरवरचं काहीतरी बोटाने पुसत राहिली,
जे तिथे नव्हतं.
“पैशाचं नव्हतं गं ते.
दर जानेवारीला तुमचं पाकीट यायचं,
वर त्याचं पूर्ण नाव. एल्टनसकट.
आता कोण लिहितं?
दगडावरसुद्धा नुसतं आर. ई. आहे,
अक्षरामागे पैसे पडत होते.”

लाल शाईने मी नोंद रद्द केली.
एक आडवी रेघ, पट्टी लावून.
रेघेखालून नाव वाचता येत होतं
आणि डेल्मरने ते वाचलं,
मोठ्याने, सावकाश, तिन्ही शब्द;
एल्टनपाशी जरा अडखळला.
मग विचारलं, पूर्ण पट्टी किती?
चेकबुक काढलं. पेन नव्हतं त्याच्याकडे.
तिने आपलं दिलं.

पुढच्या जानेवारीत पाकिटं भरताना
माझ्या हातून एखादी चूक झालीच,
तर स्टँप मी माझ्या पैशाने लावेन.