मुकादमचा डबा

शुक्रवार. रुवीतली दुकानं नमाजासाठी बंद.
मी लुंगी गुडघ्याला खोचून
सतरंजीवर मुकादमचा डबा उघडून बसलोय.
दोन स्क्रू बोटांनीच निघाले,
तिसऱ्याचं डोकं घासून गुळगुळीत;
तो पक्कड लावल्याशिवाय ऐकेना.

आत वाळू नाही, वाळूचं पीठ.
मैद्याहून बारीक, फिकट,
पंख्याच्या प्रत्येक पात्यावर थापलेलं.
फुंकर मारली आणि खोकत बसलो.
मग दाढीचा ब्रश घेतला.

कुंजुमोन म्हणाला होता, सगळं नवीनच घ्या साहेब,
डबा फुकट देतो, आत जांभळे दिवे लागतात.
म्हटलं, दिवे नकोत.
रात्री दोन तास ड्रॉइंगं काढायची असतात मला,
खाडीपलीकडच्या कुणाच्या तरी व्हिलाची,
जिचं फाटक मी बघणार नाही.
बोर्ड दे, प्रोसेसर दे,
आणि ती राखाडी पेस्ट. वाटाण्याएवढी पुरते.

पॉवर सप्लाय जुना ठेवू की नको,
यावर चहाचे दोन कप गेले.
चौदा वर्षांचा जीव. नाकाशी धरला.
जळका वास नव्हता, पण भरवसाही नव्हता.
तो बाजूला ठेवला. पंखा ठेवला.
वायरी ठेवल्या, मुकादमने बांधलेल्या,
खजुराच्या पाकिटाच्या सोनेरी तारांनी,
एकेक वळण मोजून मारल्यासारखं.

जुनी रॅम बसेना.
लांबी तीच, रंग तोच,
फक्त मधली खाच थोडीशी सरकलेली.
उलटी करून पाहिली. अंगठ्यानं दाबायचा मोह झाला,
मग बोर्डाची किंमत आठवली.
दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिलो.
एवढंसं अंतर. नखाएवढंही नाही.

हार्ड डिस्क मात्र लागली.
आधी दोनदा टकटक केली तिने,
दारावर आलेल्या उधारीवाल्यासारखी,
मग गुरगुरत फिरायला लागली.
तिच्यात आमच्या खोलीच्या मेसचा हिशेब:
कोण जेवलं, कोण नाही, सुरमई कुणी आणली,
गॅसचे पैसे कुणाकडे बाकी.
माझ्या नावापुढे चार रियाल तीनशे बैसा, लाल रंगात.
दिले होते रे बाबा. बहुतेक दिले होते.

शेवटच्या पानावर एकच ओळ.
'हसनमियां मुकादम, मस्कतमधले दिवस.'
आल्याची तारीख, आणि पुढे
आजच्या तारखेतून ती वजा करणारं सूत्र.
पाच हजार होऊ देत, मग बिर्याणी माझी, म्हणायचा.
वीस सालच्या जुलैत कंपनीनं विमानात बसवला
तेव्हा आकडा होता
चार हजार नऊशे सत्त्याण्णव.
डबा माझ्या पलंगाखाली सरकवून म्हणाला,
पंखा झकास आहे, फेकू नकोस.

आणि आता पडद्यावर, नव्या बोर्डाच्या घड्याळानं,
सहा हजार सहाशे एकोणचाळीस.

कुणी सांगितलंच नाही त्या चौकटीला.
पलंगाखाली, वीज नसताना, अंधारात
माणूस गेला हे तिला कळणार तरी कसं?
उठवलं, तशी तिने मुकाट
साडेचार वर्षं एका दमात मोजून टाकली.

फोन लावला. तो दाभोळला, बर्फाच्या कारखान्यात;
मागे करवतीसारखा आवाज.
आकडा सांगितला. थोडा वेळ नुसता तो आवाजच.
मग म्हणाला, बिर्याणी राहिली की.
मग म्हणाला, ओव्हरटाइम लाव त्याला,
दुप्पट लाव, शुक्रवार धरून.
हसलो दोघं. त्याला कुणीतरी हाक मारली.

पंखा फिरतोय. खरंच झकास आहे,
आवाज तेवढा थोडा वाढलाय.
फाइल बंद करायला गेलो
तर विचारते: बदल जतन करायचे का?

मी तर कशालाच हात लावला नव्हता.