चार हजार एकशे सतरा

बूडोच्या धक्क्यावर रात्री अडीचला
फेरीबोट बांधून ठेवली आहे, दोन दोर जास्तीचे लावून.
वारा आडवा.
मोस्केनेसची फेरी उशिरा सुटेल की सुटणारच नाही,
अजून कोणी ठरवलेलं नाही,
आणि गाड्यांच्या रांगेत
सुक्या माशांचा एक ट्रक इंजिन चालू ठेवून झोपला आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर. लोकरीचे मोजे, गार कॉफी,
काळ्या पडद्यावर उघडझाप करणारा कर्सर.
तिकिटं हवामानाला विचारतात, सुटणार का?
हवामान विचारात पडतं.
वादळात त्याला वेळ लागतो, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
पण तिकिटांना तीन सेकंदांवर थांबायची मुभा नाही.
ती पाठ फिरवतात, लगेच परत येतात,
तोच प्रश्न, आणखी मोठ्याने.
दारात ही गर्दी.

दार म्हणजे खरंच दार.
आमच्याकडे कुणी कुणाशी थेट बोलत नाही.
बत्तीस सेवा, आणि प्रत्येकीच्या उंबऱ्यावर एक प्रॉक्सी बसलेली:
कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही,
किती वेळ वाट पाहायची.
पूर्वी उंबऱ्याउंबऱ्यावर नियमांची वेगळी चिठ्ठी असे.
आस्ब्यर्न त्या हाताने बदलायचा.
एकतिसाव्या चिठ्ठीशी त्याचा डोळा लागायचा
आणि बत्तिसावी सेवा
पुढचे आठ महिने जुन्या जगात नांदायची.

आता सगळ्यांची मिळून एकच नोंदवही.
एक ओळ, एक एंटर,
बत्तीस उंबरे एकदम बदलतात.
इतकं सोपं, म्हणून हात थरथरतो.

परवा एक जुनी नोंद पुसायला गेले होते. टपालबोटीची.
बोट कधीच भंगारात गेली.
यंत्र म्हणालं, पुसता येणार नाही,
कोणाची तरी वाट अजून हिच्यावरून जाते.
शोधलं, तर औषधांची पार्सलं.
पाच वर्षं, गुपचूप, तिच्याच नावावर.
ती नोंद मी ठेवली.

तर आज आधी 'वाच' म्हटलं.
नोंद उलगडली: टाइमआउट, तीन सेकंद.
तळाशी आस्ब्यर्नने जाताना खरडलेलं,
'बदला खुशाल. पण कारण लिहा.'
(तो आता चेरिंगॉयला बटाटे लावतो. फोन उचलत नाही.)
आणि नोंदीचा क्रमांक, चार हजार एकशे सतरा.

मी आठ सेकंद लिहिले. कारण: वादळ.
मग 'लिही', पण अट घालून:
मी वाचल्यापासून कोणी हात लावला नसेल तरच.

नकार.

क्रमांक अठरा झाला होता.
मी वाचत होते आणि लिहीत होते, त्या मधल्या फटीत
कोणीतरी येऊन गेलं होतं.
या वेळी? मी मागे वळून पाहिलं, वेड्यासारखी,
रिकाम्या खुर्च्यांकडे.

पुन्हा 'वाच'.
टाइमआउट, दहा सेकंद.
कारण: 'म्हातारा आहे. जिना चढू द्या.'
खाली नाव मारेतचं, हामरफेस्टहून.
तिला मी दोनदाच भेटले आहे,
दोन्ही वेळा तिने माझा हातमोजा परत दिला होता.

मी माझे आठ मागे घेतले.
पडद्यावर काही वाजलं नाही, चमकलं नाही.
फक्त दारातली गर्दी ओसरली.
तिकिटांनी एकदाच विचारलं
आणि उभी राहिली.
चार. पाच. सात. आठ.
आठालाही काही नाही.
नऊ वाजता, म्हणजे नवव्या सेकंदाला,
हवामान म्हणालं,
नाही.

फोन वाजला. मारेत.
'तुझ्याकडे वारा किती?'
'बराच.'
'हं,' ती म्हणाली, आणि आम्ही दोघी थोडा वेळ
लाइनवर तशाच राहिलो.

खाली ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.