दिवा कोळीवाडा, ऐरोली

खाडीतल्या माशांची बाबांनी सांगितलेली नावं
मी साइटवर टाकली : एकशे बारा.
महिनाभरात पाहुणे तीन. मी, वहिनी,
आणि पुन्हा मी.

मग लॉगमध्ये तो.
पहाटे तीन दहाला आला,
सगळी पानं उलटून चार सेकंदांत गेला.
ना खाकरला, ना कडी वाजवली.

म्हाप्याच्या कुठल्याशा बिनखिडक्यांच्या इमारतीत
आता आमची निवटीही जमा असेल.

बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या खुंट्याला
विचारल्याबिगर डोल बांधत नाय.

मी फाइल उघडली,
मनाईची एक ओळ लिहिली.
मग आठवली परवाची ती साताऱ्याची बाई :
'निवटी म्हणजे काय हो?'
तिला इथली वाट
कुणी दाखवली?

ओळ अजून पडद्यावर आहे.
सेव्ह केलेली नाही.