झडती

तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
सुटताना रोज गेटवर झडती,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
डब्यात असलंच तर माठाचं एखादं देठ,
चोखून चोखून पांढरं झालेलं.
शिपाई म्हणायचा, जा कुलथे.

आता जेलरोडला घरामागे अर्धा गुंठा मोकळा,
बोअरचं पाणी जरा मचूळ.
राजगिऱ्याचं बी दिलं मथुरा गावितनं.
पेठकडची ती. शनिवारी दसकच्या पुलाशी
गोणपाट टाकून बसते.
लॉटरीच्या जुन्या तिकिटात चिमूटभर बांधून दिलं.
मी विचारलं, किती आहेत?
ती बघतच राहिली माझ्याकडे.
"याला मोजत्यात का?
वाळूत मिसळा, मूठ ढिली सोडा,
न्हाईतर एकाच जागी गर्दी करतंय."

तरी घरी येऊन मोजायला बसलो.
चौदाशे बाराला शिंक आली.

उरलं ते दिवाळीनंतर पेरलं.
चौथ्या दिवशी माती लालसर वाटली,
वाकून पाहिलं तर पानं,
एकेक भुवईच्या केसाएवढं.
पुढे महिन्यानं विरळणी.
उपटलेलं सगळं इंदूनं लसणावर परतलं,
वर मूठभर कूट.
भाकरीची कड गुलाबी झाली, माझी बोटंही.

एकादशीला मात्र ती वाफ्याकडे फिरकेना.
पान खाल्लं की उपास मोडतो म्हणे,
दाणा खाल्ला तर टिकतो.
आणि झाड तर एकच.
मी म्हटलं, मग देठाचं काय?
"देठ तुम्ही चोखा," ती म्हणाली,
आणि साबुदाणा भिजत घातला.

माघात तुरे भरले, माना टाकून उभे राहिले.
मुनिया येऊन सकाळभर लोंबकळायच्या,
मी चहा पीत बघायचो.
कापून चादरीवर चोळले,
पिठाच्या चाळणीतून काढले,
सुपात घेतले तर भुशाबरोबर
दाणेही निघाले कुंपणापलीकडे, शेजारच्या पाटोळ्यांकडे.

वडिलांचा सराफबाजारातला काटा
माळ्यावरून उतरवला त्या दिवशी.
एका पारड्यात गुंज, दुसऱ्यात दाणे, एकेक.
एकशे सत्तरच्या पुढे कुठेतरी काटा हलला.
नक्की आकडा सांगता येत नाही.
इंदू हाक मारत होती.

कढई कोरडी, धूर निघायच्या जरा आधीची.
चिमूट टाकायची, कापडाच्या बोळ्यानं फिरवायची,
एवढ्यात सगळं पांढरं.
एक श्वास उशीर झाला तर कडू.
पहिला घाणा कडूच झाला.
दुसऱ्यातला निम्मा तिच्या केसांत उडाला,
तो तिनं तसाच राहू दिला संध्याकाळपर्यंत.

काल धुण्याच्या दगडाशी,
मोरीच्या फटीत, साबणाच्या पाण्यावर
दोन लाल पानं दिसली.
इथे तर मी काहीच पेरलं नव्हतं.
दोरीवरचा सदरा काढून खिसा उलटा केला.
शिवणीत अजून सात होते.

तीस वर्षांत एक कोरा कागदसुद्धा
बाहेर आणला नाही मी.

इंदू बादली घेऊन आली.
"उपटू का? पायात येतंय."
मी काही बोललो नाही.
दगड दोन बोटं सरकवला.