कूलरच्या टाकीतले मासे

बत्तीस वर्षं मोतीबागच्या कारखान्यात
मी डब्यांवर आकडे रंगवले.
स्टेन्सिल धरायचा, ब्रश फिरवायचा, पुढचा डबा.
आठाचं पोट कुठे आवळतं, कुठे सुटतं,
झोपेतही सांगेन.
मासा मात्र कधी काढला नव्हता.

यंदा एप्रिलमध्येच पारा चव्वेचाळीसला टेकला.
त्याच आठवड्यात हर्षदा आली,
दोन बॅगा, एक पोरगी, पोरीची तीनचाकी सायकल.
किती दिवसांसाठी, ते कोणी विचारलं नाही.
शकुनने फक्त तांदळाच्या डब्यात हात घालून
अंदाज घेतला.

मी कूलर काढला.
जुन्या ताट्या फेकल्या, इतवारीतून नवी खस आणली,
टाकी काथ्याने घासली. गंज निघाला,
गंजाखाली कोरा पत्रा,
जरा जास्तच कोरा.
माळ्यावर रंगाचे डबे होते,
निवृत्तीच्या दिवशी पोरांनी बांधून दिलेले.
वरची साय काढली. खाली रंग जिवंत.

गंज धरू नये म्हणून एक हात मारू म्हटलं.
मारला. तिथेच थांबायला हवं होतं.

पहिला मासा चुकून झाला:
आठ आडवा पडला, त्याला शेपटी फुटली.
मग दुसरा.
बुधवारी कोर्टात तारीख,
वकिलाला पासबुकाच्या झेरॉक्स हव्या होत्या,
जावयाचा फोन आला की हर्षदा गच्चीवर जायची,
आणि मी टाकीत डोकं घालून
खवल्यांना पिवळी कड देत बसलेलो.
मला मजा येत होती.
हे लिहायला अजून लाज वाटते.

"घर जळून राह्यलं," शकुन म्हणाली,
"अन् तुम्ही मासोळ्या काढून राह्यले?
कोन पाह्यनार हाये पान्याखाली?"
कोणी नाही, मी म्हटलं.
कोणी पाहणार नाही, म्हणूनच तर
हात असा सैल सुटला होता.

वाईट एवढंच की ऑइल पेंट वाळायला दोन दिवस.
दोन दिवस कूलर बंद.
सगळे भाजून निघाले माझ्यापायी.
अन्वीच्या पाठीवर घामोळं उठलं.
शेजारचे हेडाऊ म्हणाले, आमच्याकडे झोपा,
पण मग हर्षदा कधी आली, का आली, ते सगळं आलंच.
आम्ही गच्चीवर गाद्या टाकल्या.
पाणी शिंपडलं, ते गच्चीने चुर्रकन पिऊन टाकलं.

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास जाग आली.
हर्षदाची गादी रिकामी.
खाली गॅलरीत मोबाइलचा उजेड.
मी जिन्यात थांबलो. पायरी अजून गरम होती.
ती टाकीत वाकली होती,
काय करत होती, ते तिथून दिसेना.
बाप म्हणून पुढे जावं असं वाटलं.
वर येऊन झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी मोजले. मासे अकराच.
पण कोपऱ्यातला, ज्याचा डोळा मी विसरलो होतो,
त्याला डोळा आला होता,
लालभडक, चमकीचा,
नेलपॉलिशचा.
मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बुधवारी पुढची तारीख मिळाली, जूनची.
ऑटोत ती एक शब्द बोलली नाही,
घरी येऊन पाइप लावला, टाकी भरायला घेतली.
पाणी चढलं तसे मासे हलायला लागले.
अन्वीने कोपरापर्यंत हात घातला,
एकही हाती लागला नाही,
रडली, मग पुन्हा घातला.

पंपाची घरघर, खसचा वास,
आणि खसच्या मागून अजून ऑइल पेंटचा.
डोकं दुखते माझं यानं, शकुन रोज म्हणते,
आणि खाट ओढून कूलरसमोरच घेते.