चौकशी

सावद्याच्या एस्टी स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
दुकानापुढं एक बाकडं.
गिऱ्हाइकांसाठी म्हणून घेतलं होतं.
त्यावर गिऱ्हाईक बसलेलं मला आठवत नाही.

सकाळी नवाला वामन फेगडे येतात.
एकतीस वर्षं मस्कतला,
समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात.
मग रज्जाक मन्यार. कुवेत. क्रेन.
मग कोल्हे सिस्टर, बहारीनला बाळंतपणं केलेल्या.
त्या बसत नाहीत.
छत्री उघडतात आणि उभ्यानंच भांडतात.

भांडण म्हणजे काय,
अठ्ठ्याऐंशी साली मस्कतला कांदा किती बैसा किलो होता.
सिस्टर मस्कतला कधी गेल्याच नाहीत,
तरी त्यांचा भाव वेगळा.
लढाई लागली तेव्हा रज्जाकभाईंची बस
वाळवंटातून अम्मानला तीन दिवसांत पोचली;
फेगडे म्हणतात चार.
ते त्या बसमध्ये नव्हते.

मी टोनर हलवत ऐकतो.
आधी वाटायचं, यांना घरात कुणी बसू देत नाही की काय.
तसं नाही. फेगड्यांच्या घरी वरच्या मजल्यालासुद्धा संगमरवर आहे,
सून दहाला फोन करते, बाबा, उन्हाचं या,
एसी लावून ठेवलाय.
पण मळ्यात ठिबकचा व्हॉल्व्ह अडला
आणि हे वाकून बघायला लागले,
तर सालदार म्हणाला,
काका, राहू द्या, तुम्हाला नाही कळायचं.
पाण्यात एकतीस वर्षं घातलेल्या माणसाला.

त्यांची बोलीही त्र्याऐंशी सालची.
विमानात बसताना होती तशीच,
घडी न मोडता परत आणलेली.
‘कुठी चालला भो?’ म्हणतात,
कॉलेजची पोरं आधी एकमेकांकडं बघतात, मग हसतात.

म्हणून स्टँडावर कुणी नुसतं थबकलं तरी
हे तिघं सरसावतात.
रावेरची गेली का?
गेली.
गेली नाही, लागलीय.
लागली ती भुसावळची, तुम्ही चष्मा पुसा.
एका प्रश्नाला तीन उत्तरं,
तेवढ्यात गाडी खरंच सुटते.

वैशाखात, पारा शेहेचाळीसवर,
चिनावलचा हर्षल बऱ्हाटे व्हिसाची झेरॉक्स काढायला आला.
कुठला रे व्हिसा?
मस्कत.
बाकडं एकदम गप्प.
मग फेगडे उठलेच.
विमानतळातून बाहेर पडलास की डाव्या हाताला औषधाचं दुकान,
त्याला लागून कुट्टीची टपरी, माझं नाव सांग,
तो चहाचे पैसे घेणार नाही.
पोरानं मोबाइल पुढं धरला.
काका, विमानतळ आता दुसरीकडं आहे.
हे बघा. जुनं बंद झालं.

फेगड्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं,
मोठं करता करता
पडद्यावर नुसती वाळू उरली.

रज्जाकभाई म्हणाले, जाऊ दे,
जिनिंगचा भोंगा तरी कुठं राह्यला इथं.
कोल्हे सिस्टरनी छत्री मिटली
आणि पहिल्यांदाच बाकड्यावर बसल्या.
समोरून केळीचा ट्रक गेला, घडांवर ओली पानं टाकलेला.
तो वळेपर्यंत सगळे त्याच्याकडंच बघत राहिले.

पोरगं कागद पिशवीत घालता घालता म्हणालं,
काका, तिथलं पाणी कसं असतं?
नळाचं. चालतं का प्यायला?

फेगडे ताठ झाले.
चालतं, म्हणाले.
मीच करत होतो ते.

दुसऱ्या दिवशी नवाच्याही आधी आले.
शटर अर्धं वर, मी अजून वाकलेलाच.
‘काल मी गेल्यावर कुणी काही विचारायला आलं होतं?’

कुणी आलं नव्हतं.
आला होता एक जण, मी म्हटलं.
‘काय विचारत होता?’
मला पटकन काही सुचेना.
कांद्याचा भाव, म्हटलं. मस्कतचा. अठ्ठ्याऐंशीचा.

फेगड्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं.
मग बाकडं रुमालानं झटकून बसले, आकडा सांगायला लागले,
आणि रस्ता ओलांडता ओलांडताच
कोल्हे सिस्टरनी छत्री उघडली.